कारवीचा हिशेब

सात वर्षं झाली, मी म्हणत होते.
महादेवी म्हणे, आठ. उशीरच केला आपण.
जांबोटीपर्यंत हाच वाद.
कंडक्टरनं दोन्ही बाजू ऐकल्या,
आधार कार्डावरचे फोटो बघून हसला
आणि शून्य रुपयांची दोन तिकिटं फाडून दिली.

मागच्या खेपेला डोंगर निळा होता,
एवढं दोघींना पक्कं आठवतं.
साल मात्र कुणालाच नाही.
माझा पुरावा: गुडघ्याचं ऑपरेशन.
तिचा: थोरल्या जावयाची रायबागला बदली.
तो जावई तीनदा बदलून गेला रायबागला.
असला पुरावा मी चालवून घेत नाही.

कणकुंबीला उतरलो. माउलीला बाहेरूनच हात जोडले.
भाद्रपदातलं ऊन, दारात उभं राहून
आत येऊ की नको करणारं.
पायांना तंबाखूचं पाणी चोळलेलं,
तरी एक जळू तिच्या पायताणात शिरलीच.
"होगली बिडु," महादेवी म्हणाली,
"तिलाही कुठंतरी जायचं असंल."

वळणावर कारवी होती.
खांद्याएवढी, दाट, हिरवीगार.
फूल एक नाही.
आम्ही पानं उलटून बघितली,
हरवलेली किल्ली शोधावी तशी.

म्हशी घेऊन एक गवळीण वर येत होती.
तिनं आमच्याकडं बघितलं, कारवीकडं बघितलं.
"आजून दोन पावसं हाईत तिला."
आणि म्हशींच्या मागं निघून गेली.

म्हणजे पाचच झाली होती.
सात नाही, आठ नाही.
कारवीनं पाच मोजली
आणि आमच्या अंगावरून तेवढ्यात आठ गेली?
कुणी काही बोललं नाही.
डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी,
जांबोटीच्या चौकातला खवा कागदात.
दोन पावसं म्हणजे किती,
हे अडुसष्टाव्या वर्षी विचारायचं नसतं.

मग ती उठून सड्यावर गेली
आणि बराच वेळ परत आली नाही.
"काय बघूलालीस गे तिकडं?"
ओल्या कातळावर महादेवी पालथी पडलेली,
इरकली लुगड्याचा पदर पाण्यात.
"नोडु इल्लि."
मीही गुडघ्याची समजूत घालून खाली वाकले.

सीतेची आसवं.
तांदळाच्या दाण्याएवढी, जांभळी, हजारांनी.
उभ्यानं नुसता ओला दगड दिसतो.
एकतीस वर्षं बेळगावच्या एक्स्चेंजमध्ये
आम्ही शेजारी शेजारी बसलो, कानाला हेडफोन लावून.
सांगली मागणारे, हुबळी मागणारे,
मध्येच रडणारे, तीन मिनिटांचे पैसे भरून गप्प बसणारे.
जुन्या बोर्डावरचे सगळे दिवे
एकदम लागावेत तसं ते होतं.
सगळ्यांना एकाच वेळी बोलायचंय,
आणि जोडून देणाऱ्या दोघी रिटायर.

महादेवीनं कातळाला कान लावला.
"होल्ड करा," ती गंभीरपणे म्हणाली.

तेवढ्यात माझा मोबाईल थरथरला: गोव्यात आपलं स्वागत आहे.
तिचा थरथरला नाही. ती हातभर अलीकडं होती.
तिला उठवायला मला दोन्ही हात लागले,
आणि मला उठवायला तिला एक बाभळीची फांदी,
जी बाभळीची नव्हती, असं ती अजून म्हणते.

चारची बस पावणेपाचला आली. तोच कंडक्टर.
"दिसली काय फुलं, अक्का?"
"दिसली," दोघी एकदम म्हणालो.
कुठली, ते सांगत बसलो नाही.

पुन्हा शून्य रुपयांची दोन तिकिटं.
मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही लिहून ठेवलं,
म्हणजे पुढच्या खेपेला भांडण नको.
तिनं कानडी दोन काढला, मी मराठी दोन.
शेजारी धरून बघितले,
ओळखू येईनात कुठला कुणाचा.
माझं तिकीट बहुतेक तिच्याच बटव्यात गेलं.
मी मागितलं नाही.
खिडकीची काच बंद होत नव्हती, आणि तिचा पदर
खानापूरपर्यंत माझ्या मांडीवर वाळत होता.